यंत्राला ‘ळ’ कोण शिकवणार?

गेल्या पावसाळ्यात फोंड्यातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात एक चर्चा ऐकायला गेले होते. विषय होता मेंदू आणि संगणक थेट जोडणारे तंत्रज्ञान. देशात ठिकठिकाणी यावर काम करणाऱ्या संशोधकांना गोव्यात एकत्र आणावे का आणि त्यासाठी राज्याने पैसा घालावा का, असा प्रश्न होता. दोन तास बोलणे झाले. एका तरुण उद्योजकाने सांगितले की ही संधी गेली तर गोवा कायमचा हॉटेलांचा आणि कॅसिनोंचाच राहील. त्याला उत्तर द्यायला उठलेल्या गृहस्थांनी मन वाचणारी यंत्रे, परदेशी भांडवल आणि आणखी एक डोंगर सपाट होण्याची भीती एका दमात मांडली. मागच्या रांगेतून एक बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “आमच्या आरोग्य केंद्रात फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदा येतो. तो आधी रोज येऊ दे.” सर्वांत जास्त टाळ्या त्यांना पडल्या आणि त्या पडायलाच हव्या होत्या. पण दोन तासांत हे यंत्र नेमके काय करते ते एकाही वक्त्याने सांगितले नाही. ज्याला त्याची गरज आहे असा एकही माणूस कोणाच्या बोलण्यात आला नाही. विमानतळ हवा की नको, या चालीवर ती चर्चा झाली आणि संपली.

माझे मत आधीच सांगून टाकते. संशोधकांना एकत्र आणावे, गोव्यात आणावे आणि त्यात सरकारी पैसा असावा. मात्र ‘एकत्र’ म्हणजे तीन दिवसांची परिषद, गळ्यात ओळखपत्रे आणि शेवटच्या संध्याकाळी मांडवीतली बोटीची फेरी असेल, तर त्या पैशातून व्हीलचेअर विकत घ्याव्यात. मेंदूचा सर्जन, सिग्नलवर काम करणारा इंजिनिअर, स्पीच थेरपिस्ट, भाषेचा अभ्यासक आणि अंथरुणाला खिळलेला माणूस हे सगळे वर्षानुवर्षे एकाच कामाला बांधलेले असणे, याला मी एकत्र येणे म्हणते. यातला शेवटचा माणूस वगळला की उरलेले चौघे कितीही हुशार असोत, ते एकमेकांसाठी निबंध लिहीत बसतात.

आता यंत्राविषयी. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने 1924 मध्ये माणसाच्या डोक्यावर तारा लावून मेंदूतल्या विजेच्या लहरी पहिल्यांदा टिपल्या. आज आपल्या इस्पितळांत होतो तो ईईजी तिथून आला. 1973 मध्ये लॉस एंजेलिसच्या जाक विदाल यांनी या लहरींनी संगणक चालवता येईल का असा प्रश्न विचारला आणि या विद्येला ‘ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेस’ (बीसीआय) हे नाव दिले. पण कवटीच्या बाहेरून मेंदू ऐकणे म्हणजे बंद देवळाच्या भिंतीला कान लावून आतला एकच टाळ ओळखण्यासारखे आहे. म्हणून पुढे काहींनी आत शिरायचे ठरवले. युटा विद्यापीठात तयार झालेली चार मिलिमीटर लांबी-रुंदीची चकती, तिच्यावर केसाएवढ्या बारीक सुया. 2004 मध्ये अमेरिकेत मानेखालून पांगळ्या झालेल्या एका तरुणाच्या मेंदूत अशी 96 इलेक्ट्रोडची चकती बसवली आणि तो नुसत्या विचाराने पडद्यावरचा बाण हलवू लागला. यामागचे मर्म साधे आहे. मणका मोडला किंवा चेतातंतू झडले, तरी ‘हात हलव’ हा हुकूम मेंदू सोडतच राहतो. पत्र लिहिले जाते, पेटीत पडते, फक्त पुढचा रस्ता वाहून गेलेला असतो. ते पत्र पेटीतच वाचायचे आणि दुसऱ्या वाटेने पोहोचवायचे, इतकेच हे यंत्र करते. 2012 मध्ये पक्षाघाताने जवळजवळ 15 वर्षे लुळी पडलेली एक बाई यांत्रिक हाताने बाटली उचलून स्वतः कॉफी प्यायली. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने वाचा गेलेल्या बाईंच्या मेंदूतून मिनिटाला 62 शब्द बाहेर काढले. तुम्ही-आम्ही गप्पा मारतो तेव्हा वेग दीडशेच्या आसपास असतो.

बासष्ट शब्द म्हणजे किती, हे मला म्हार्दोळला कळले. आमच्या शाळेतले मास्तर तिथे राहतात. आम्ही वीस वर्षे एकाच स्टाफरूममध्ये बसलो. त्यांनी मराठी शिकवले, मी गणित. निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी त्यांच्या हातातून पेला निसटू लागला. मग बोलणे जड झाले आणि बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, ‘मोटर न्यूरॉन’ हा स्नायू हलवणारे चेतातंतू झडवणाऱ्या आजाराचा शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला. आता हात नाहीत, पाय नाहीत, आवाज नाही, जेवण नळीतून. डोळे आहेत आणि डोके पूर्वीइतकेच तल्लख आहे. वहिनींनी पुठ्ठ्यावर वर्णमाला लिहून घेतली आहे. त्या विचारतात, “कवर्ग? चवर्ग? टवर्ग?” मास्तरांनी नजर वर नेली की तो वर्ग पक्का. मग त्या वर्गातली अक्षरे एकेक करून, मग काना, मात्रा, वेलांटी. गेल्या चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधून झाली आणि मास्तर सारखे वर बघू लागले. वहिनी पुठ्ठा घेऊन बसल्या. क आला. व आला. अनुस्वार आला. ड आला. मग त्यांनी सगळे वर्ग नाकारले. य, र, ल, व, श, ष, स, ह, सगळे नाकारले आणि शेवटी नजर वर गेली ती ‘ळ’वर. कवंडळ! माटोळीला कवंडळाचे रानफळ बांधायचे राहिले होते. एका शब्दाला बारा-तेरा मिनिटे लागली. मुलगा पावसात धावत जाऊन कवंडळ घेऊन आला, आणि मास्तरांच्या डोळ्यांत जे दिसले त्याला मी समाधान म्हणेन. घरात आपला शब्द अजून चालतो, याचे समाधान.

त्या पुठ्ठ्याने मला या विषयात ओढले. 1988 मध्ये अमेरिकेत फारवेल आणि डॉन्चिन या दोघांनी ईईजीवर अक्षरे निवडण्याची जी पद्धत बसवली, तिच्यातही पडद्यावर सहा बाय सहाचा अक्षरांचा तक्ता असतो. ओळी आणि रकाने आळीपाळीने उजळतात आणि हवे ते अक्षर उजळले की मेंदू एक विशिष्ट लहर देतो. आधी ओळ, मग अक्षर. वहिनींनी हे कुठे वाचलेले नव्हते. वर्णमालेची पाच बाय पाचची मांडणीच त्यांना तसे करायला लावते. पण गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. आपले वर्ग उच्चाराच्या जागेवरून पाडलेले आहेत: कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ. जीभ कुठे टेकते, ओठ मिटतात की नाही, त्यावरून. आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या एडवर्ड चँग यांच्या गटाने 2013 मध्ये दाखवले की बोलताना मेंदूचा हालचालींचा भागही ओठ, जीभ, जबडा, स्वरयंत्र यांच्या हालचालींप्रमाणेच कामाला लागतो. आजची बोलकी यंत्रे ‘शब्द’ वाचत नाहीत. जीभ कुठे जाऊ पाहत होती ते ओळखतात आणि त्यावरून ध्वनी जुळवतात. हे वाचले तेव्हा प्रातिशाख्यांत, म्हणजे वेदांच्या उच्चारांवरच्या जुन्या ग्रंथांत, ध्वनींचा विचार करणारे आपले पूर्वज मला आठवले. त्यांना इलेक्ट्रोड माहीत होते, असला पोकळ अभिमान मला मिरवायचा नाही. त्यांनी तोंडाकडे नीट लक्ष दिले आणि म्हणून त्यांची मांडणी आजही उपयोगी पडू शकते, एवढेच म्हणते.

मग अडचण कुठे आहे? स्टॅनफर्डच्या यंत्रात इंग्रजीचे 39 ध्वनी भरलेले आहेत. त्यांत ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही. ‘पाणी’ हा शब्द त्या यंत्राला उच्चारता येणार नाही. मास्तरांनी ते लावून घेतले तर तहान लागली हे त्यांना इंग्रजीत सांगावे लागेल, आणि वहिनींना इंग्रजी येत नाही. आमच्याकडे आणखी एक गुंता. मास्तरांनी तीस वर्षे मराठी शिकवले, पुस्तके मराठी, पेपर मराठी, भजन मराठी; पण वहिनींशी, मुलांशी, कुळागरात काम करणाऱ्या माणसाशी ते कोकणीच बोलत आले. गोव्यातल्या हजारो घरांत हे असेच आहे आणि त्यात कोणालाच काही विचित्र वाटत नाही. त्यांच्यासाठी यंत्र दोन्ही भाषांचे हवे. हे अशक्य आहे का? चँग यांच्याच गटाने 2024 मध्ये स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्या एका रुग्णाच्या मेंदूतून दोन्ही भाषा वेगळ्या काढून दाखवल्या. त्यांना असेही आढळले की दोन्ही भाषांचे उच्चार मेंदूत बऱ्याच अंशी एकाच जागेवरून घडतात आणि एका भाषेत यंत्राला जे शिकवले ते दुसऱ्या भाषेत कामी येते. म्हणजे मराठी-कोकणी जोडीवर काम करायला शास्त्राची हरकत नाही. ते करणारे कोणी नाही, ही हरकत आहे. कॅलिफोर्नियातला कोणता संशोधक आपणहून ‘ळ’च्या मागे लागेल? आणि का लागावे त्याने?

आता त्या मागच्या रांगेतल्या बाईंकडे येते, कारण सभेतला सर्वांत वजनदार मुद्दा त्यांचाच होता. पक्षाघातानंतरचे पहिले काही महिने रोज व्यायाम मिळाला तर किती माणसे पुन्हा चालू शकतात, हे कोणताही थेरपिस्ट सांगेल. बेडसोर होऊ नयेत म्हणून लागणारी हवेची गादी, सक्शन मशीन, रात्रभर जागणाऱ्या बायकोला एक दिवसाची सुट्टी, हे सगळे कवटीतल्या चकतीआधी हवे. नजरेने चालणारे संगणकसुद्धा आधी हवेत. मास्तरांसारख्या ज्यांचे डोळे शाबूत आहेत त्यांना ते आजच बरेच काही देऊ शकतात आणि त्यासाठी कवटी उघडावी लागत नाही. हे सगळे मी मान्य करते, आणि ज्या योजनेत याला जागा नसेल ती योजना फेटाळावी असेही म्हणते. पण या मुद्द्याचा पुढचा भाग मला पटत नाही. ‘आधी हे, मग ते’ असे म्हटले की ‘ते’ कधीच येत नाही. आपल्याकडे येत नाही. दुसरीकडे येते आणि मग आपण ते त्यांच्या किमतीला विकत घेतो. बहिऱ्यांना ऐकू यावे म्हणून कानात बसवायच्या कॉक्लिअर इम्प्लांटचेच पाहा. 1957 मध्ये पॅरिसमध्ये पहिला प्रयत्न झाला. पुढची वीस वर्षे अनेक जाणकार म्हणत होते की मूठभर इलेक्ट्रोडनी माणसाला बोलणे समजणे शक्य नाही. ग्रॅम क्लार्क यांचे वडील बहिरे होते. मेलबर्न विद्यापीठात त्यांनी कानाचे डॉक्टर, इंजिनिअर आणि उच्चारांचे अभ्यासक एकत्र बसवले, लोकवर्गणीतून पैसा उभा केला आणि 1978 मध्ये आपला पहिला इम्प्लांट बसवला. आज जगात दहा लाखांहून अधिक इम्प्लांट बसवले गेले आहेत आणि आपले केंद्र सरकारही बहिऱ्या मुलांना ते योजनेतून देते. बहिऱ्यांच्या शाळांची गरज त्यामुळे संपली नाही. आणि त्या मुलांना बोलायला शिकवणाऱ्या थेरपिस्टची गरज उलट वाढली. मेंदूच्या यंत्राचेही असेच होणार. ते बसवल्यावर महिनोन् महिने रोज सराव करवून घेणारा माणूस लागतो. रोज येणारा फिजिओथेरपिस्ट मागणाऱ्या बाई आणि हे संशोधन एकाच गोष्टीची मागणी करत आहेत.

मन वाचण्याच्या भीतीला मी हसणार नाही, पण तिला तिच्या जागी ठेवायला हवे. माणसाच्या मेंदूत सुमारे 8600 कोटी चेतापेशी आहेत. न्यूरालिंक कंपनीने 2024 च्या जानेवारीत पहिल्या माणसाच्या मेंदूत बसवलेल्या यंत्राला 1024 इलेक्ट्रोड आहेत, तेही हालचालींच्या भागात. त्यातून माणसाचे मत, पाप, प्रेम कळत नाही. पणजीला जुन्या सचिवालयाच्या बाजूला संमोहनाचा अभ्यास करणारे कांदोळीचे धर्मगुरू आबे फारिया यांचा पुतळा आहे, हात पसरून एका निजलेल्या बाईवर झुकलेला. दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये लोक समजत होते की संमोहन करणाऱ्याच्या हातातून काही चुंबकीय द्रव वाहतो. फारियांनी सांगितले की असा कोणताही द्रव नाही, जे घडते ते झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनात घडते. लोकांनी त्यांची टिंगल केली आणि त्यांचे म्हणणे पुढे खरे ठरले. आजच्या या यंत्रांचेही बळ रुग्णाच्या प्रयत्नात आहे. त्याने बोलण्याचा प्रयत्न केला नाही तर यंत्राला फारसे काही मिळत नाही.

‘फारसे’ हा शब्द मी जाणून वापरला आहे. कारण 2025 मध्ये स्टॅनफर्डच्याच संशोधकांनी दाखवले की ओठ-जीभ हलवण्याचा प्रयत्न न करता नुसते मनात म्हटलेले शब्दही काही प्रमाणात उलगडता येतात. विरोधकांच्या हातातला हा सर्वांत खरा पुरावा आहे आणि सभेत तो कोणालाच माहीत नव्हता. पण त्याच संशोधनात त्याच लोकांनी एक कुलूपही बनवले: रुग्णाने ठरावीक परवलीचे शब्द मनात म्हटल्याशिवाय यंत्र ऐकायला सुरुवातच करणार नाही. हे कुलूप कोणाला सुचले? जे रुग्णाशेजारी बसतात आणि ज्यांना आपले काम जगासमोर मांडावे लागते, त्यांना. चिलीने 2021 मध्ये मेंदूतल्या माहितीचे रक्षण थेट राज्यघटनेत घातले, आणि 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घरगुती ईईजी पट्टा विकणाऱ्या कंपनीला एका नागरिकाच्या मेंदूची माहिती पुसायला लावली. आपल्याकडे 2023 चा विदा (डेटा) संरक्षण कायदा आहे, पण मेंदूतून निघणाऱ्या माहितीचा त्यात वेगळा विचार नाही. तो विचार कोण करणार? हे तंत्र हातात घेतलेली, त्याचे गुणदोष जाणणारी माणसे इथे नसतील तर आपला कायदा परदेशी कंपनीच्या माहितीपत्रकावरून लिहिला जाईल.

सभेत त्या उद्योजकाने आणखी एक म्हटले होते: सरकारने यात पडूच नये, कंपन्या हे काम जास्त वेगाने करतात. वेगाने करतात, खरे आहे. पण त्यांच्या वेगाखालचा रस्ता कोणी बांधला? युटाची चकती विद्यापीठातली. ईईजीवर चालणारे ‘बीसीआय 2000’ हे सॉफ्टवेअर जगभरच्या प्रयोगशाळांनी वापरले. ते जन्मले न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याच्या एका प्रयोगशाळेत. राज्य सरकारचे आरोग्य खाते, हे मी मुद्दाम सांगते. तिथल्याच डॉ. जोनाथन वोल्पॉ यांनी 1999 मध्ये 22 संशोधनगटांना पहिल्यांदा एका जागी बसवले. तोवर प्रत्येक गट आपापल्या मोजपट्टीने यश मोजत होता. आपले यंत्र चांगले की शेजाऱ्याचे, हे सांगताच येत नव्हते. त्या बैठकीपासून सामायिक शब्द ठरू लागले, मग प्रयोगांची मूळ माहिती सर्वांसाठी खुली ठेवून स्पर्धा सुरू झाल्या आणि दूरच्या देशांतल्या, स्वतःकडे एकही रुग्ण नसलेल्या विद्यार्थ्यांनाही त्यावर डोके चालवता आले. एकत्र येण्याने असे फळ धरते. बंद कंपनीत ते धरत नाही. न्यूरालिंकच्या पहिल्या रुग्णाच्या मेंदूत बसवलेले इलेक्ट्रोडचे बरेच बारीक धागे काही आठवड्यांत मागे सरकले. कंपनीने सॉफ्टवेअर बदलून काम सावरले. पण अशा वेळी नेमके काय चुकले याचा तपशील दुसऱ्या सर्जनला कळायचा तर तो कंपनी सांगेल तेवढाच कळतो.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. ‘सेकंड साइट’ नावाच्या अमेरिकन कंपनीने अंधांसाठी डोळ्याच्या पडद्यावर बसणारे 60 इलेक्ट्रोडचे यंत्र काढले. युरोप-अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, साडेतीनशेहून अधिक लोकांनी ते बसवून घेतले. 2019 मध्ये कंपनीने ते बनवणे थांबवले, पुढच्या वर्षी ती बुडण्याच्या बेतात आली, आणि ज्यांच्या डोळ्यांत यंत्र होते त्यांना विचारायला कोणी उरले नाही. बिघडले तर दुरुस्ती नाही, काढायचे तर शस्त्रक्रिया. हे मी मास्तरांना सविस्तर सांगितले. त्याआधी कॉफी प्यायलेल्या बाईचे सांगितले होते, मिनिटाला 62 शब्दांचेही सांगितले होते, आणि मग विचारले होते की तुम्ही असे काही बसवून घ्याल का. वहिनी पुठ्ठा घेऊन बसल्या. उत्तर यायला अर्धा तास लागला. उत्तर नव्हतेच, प्रश्न होता: ‘मागीर कोण सांभाळटलो?’ नंतर कोण सांभाळणार? या तंत्रज्ञानावर मी आजवर जितके वाचले त्यात यापेक्षा नेमका प्रश्न मला भेटलेला नाही. याचे उत्तर कंपनी देऊ शकत नाही, कारण उद्या ती असेलच याची हमी तिलाही नाही. माणूस जगेल तोवर यंत्राची जबाबदारी, बॅटरीपासून शस्त्रक्रियेपर्यंत, आमची, असे लिहून देऊ शकेल अशी संस्था सार्वजनिकच असावी लागते. सरकारी पैशाचा माझा आग्रह मुख्यतः यासाठी आहे.

सरकारी छताखाली असले काम होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी तिरुवनंतपुरमचे श्री चित्रा तिरुनाल संस्थान पाहावे. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा खराब झालेली गरीब मुले आपल्याकडे हजारोंनी होती आणि परदेशी झडप त्यांच्या आवाक्याबाहेर होती. डॉ. एम. एस. वलियाथन यांनी सर्जन आणि इंजिनिअर एकाच संस्थेत आणले. पहिला नमुना फसला. दुसरा फसला. तिसराही फसला. तीन वेळा हरलेल्या माणसांना त्या संस्थेने घरी पाठवले नाही. चौथा नमुना 1990 मध्ये रुग्णाच्या हृदयात बसला आणि आजवर तो एक लाखाहून अधिक रुग्णांना मिळाला आहे. तीन अपयशे पोटात घालण्याची ताकद कोणत्या गुंतवणूकदारात असते?

गोवाच का, हा प्रश्न उरतो. इथे मला इतिहासातली एक गोष्ट आठवते आणि ती आपल्या अभिमानाला सुखावणारी नाही. 1563 मध्ये गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचे भारतीय औषधी वनस्पतींवरचे पुस्तक गोव्यात छापले गेले. वैद्य, हकीम, व्यापारी आणि युरोपातला एक शिकलेला माणूस गोव्याच्या बाजारात भेटले म्हणून ते होऊ शकले. चार वर्षांत त्याचे लॅटिन संक्षिप्त रूप अँटवर्पला निघाले आणि युरोपभर गेले. ज्यांच्याकडून ओर्ता शिकला ते बहुतेक वैद्य निनावी राहिले, आणि त्या ज्ञानाचा पुढचा सगळा व्यवहार दुसरीकडे झाला. माणसे इथे भेटली, पण पीक दुसऱ्याच्या कोठारात गेले. उद्या आपल्या रुग्णांच्या मेंदूतले सिग्नल, आपल्या भाषेचे ध्वनी इथे गोळा व्हायचे आणि ते यंत्र दुसऱ्याच्या मालकीचे व्हायचे, हे सहज घडू शकते. म्हणून अट आधी लिहावी लागेल: मराठी-कोकणीचा जो काही साठा तयार होईल तो रुग्णांच्या संमतीने, सार्वजनिक विश्वस्तांकडे राहील आणि त्यावर काम करणाऱ्याला त्याचे फळ इथल्या रुग्णाला परत द्यावे लागेल.

ही अट पाळली तर गोवा योग्य ठरतो, आणि त्याचे कारण समुद्रकिनारा नाही. राज्य लहान आहे, हे कारण आहे. बांबोळीला गोमेकॉ, जिचे मूळ 1842 च्या वैद्यकीय शाळेत आहे. झुवारीनगरला बिट्स, कुंकळ्ळीला एनआयटी, ताळगावला विद्यापीठाचे मराठी आणि कोकणी विभाग. आणि 2016 पासून आयआयटी फर्मागुडीला, मास्तरांच्या खाटेपासून पाच-सहा किलोमीटरवर. मुंबईत किंवा बेंगळुरूत इंजिनिअरला रुग्णाच्या घरी जायचे तर अर्धा दिवस रहदारीत जातो. इथे तो दुपारचे जेवण करून जाईल आणि दिवेलागणीला परत येईल. आणि घरी जाणे हेच महत्त्वाचे आहे. प्रयोगशाळेत चालणारे यंत्र घरात वीज गेल्यावर, पंख्याच्या घरघरीत, पाहुण्यांच्या गर्दीत चालत नाही, हे घरी गेल्याशिवाय कळत नाही. डोंगर सपाट करण्याची भीती बोलून दाखवणाऱ्या गृहस्थांना मी हेच सांगेन की तुमची भीती खोटी नाही. 2021 मध्ये शेळ-मेळावलीत लोकांनी आपली जमीन आयआयटीला द्यायचे नाकारले ते काही उगाच नव्हे. पण या कामाला एक चौरस मीटरही नवी जमीन लागत नाही. खोल्या आहेत, माणसे आहेत. ती एकमेकांच्या खोल्यांत जात नाहीत, एवढेच अडले आहे. 2023 च्या जानेवारीत पणजीत पहिला पर्पल फेस्ट झाला तेव्हा देशभरातून आलेली दिव्यांग माणसे आपल्याला काय हवे ते स्वतः सांगत होती. तिथे जे मंडपात झाले ते वर्षभर एका खोलीत का होऊ नये?

आणि सुरुवातीला कोणाच्या मेंदूला हात लावायचीही गरज नाही. 2024 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या संशोधकांनी मास्तरांसारखाच आजार असलेल्या एका माणसाला बोलते केले. सव्वा लाख शब्दांच्या संग्रहातून यंत्र 97 टक्के शब्द बरोबर ओळखत होते, आणि ते बोलत होते त्याच्याच आवाजात, कारण आजाराआधीची त्याची ध्वनिमुद्रणे घरात होती. हा आजार आवाज एका दिवसात नेत नाही. निदानानंतर बहुतेकदा काही महिने मिळतात. गोमेकॉत निदान झाल्या दिवशीच रुग्णाला एका खोलीत नेऊन त्याचा आवाज नोंदवून ठेवायचा, मराठीत, कोकणीत, तो जसा घरी बोलतो तसा. सगळे ध्वनी यावेत असा मजकूर भाषा विभागाने तयार करायचा, जपून ठेवायचे काम इंजिनिअरांनी करायचे. एक शांत खोली, एक चांगला मायक्रोफोन. पुढच्या वर्षी ज्यांना या आजाराचे नाव सांगितले जाईल त्यांच्यासाठी हे आज सुरू करता येईल.

मास्तरांसाठी उशीर झाला आहे. तरी वहिनींनी कपाट उपसून एक कॅसेट शोधली, शाळेच्या एका स्नेहसंमेलनाची. फितीला बुरशी लागली होती. म्हापशात एक जण अजून असल्या फिती साफ करून संगणकावर उतरवून देतो, त्याच्याकडे मी ती घेऊन गेले. चाळीस मिनिटांतली अकरा मिनिटे निघाली. त्यात बहुतेक गाणी आणि पोरांचा गलका आहे. पण दोनदा मधेच माइक कोणीतरी ओढून घेतो आणि खणखणीत आवाज येतो: “ओळीत बसा. वेळ झाली. पडदा उघडणार आहे.”

‘ळ’ दोनदा आला आहे. मी मोजला.